दुसरी हाक

माझ्या सासूबाईंना एकदा हाक मारून काही उपयोग नसतो. "आई" म्हटलं की त्यांचे हात थांबतात, मान वर होते, नजर कुठेतरी समोर लागते आणि त्या तशाच थांबतात. तोंडातून शब्द नाही. पुन्हा "आई" म्हटलं की मग वळतात, "ओ, काय वं पोरी?" लग्न होऊन आंधळगावला आले तेव्हा मला आधी वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. मग वाटलं, नव्या सुनेला जरा तोरा दाखवताहेत. भंडाऱ्यात वाढलेल्या मुलीला गावात आल्यावर असले संशय येतातच.

खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण आमचं लग्नच या दोन हाकांवरून जमलं.

पोटापाण्यासाठी मी नागपूरच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते, घरी बसून. आणि हौसेसाठी एका मोठ्या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात बिनपगारी राबते. जगभरातली माणसं त्यात आपापली सॉफ्टवेअरं आणून ठेवतात, त्यांना पॅकेज म्हणायचं. प्रत्येक पॅकेजचं ट्रॅकर नावाच्या साइटवर एक पान असतं. दवाखान्यातला केसपेपर समजा. पॅकेजची देखभाल कोण करतं, त्यात काय बिघाड आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, सगळं तिथे. माझं काम त्या पानांवर जुने मेल जोडायचं. प्रकल्पातलं सगळं बोलणं मेलवर चालतं आणि एकूण एक मेल कायमचा जपून ठेवला जातो. कुठला मेल कुठल्या पॅकेजबद्दल आहे, तो कुठल्या मेलचं उत्तर आहे, हे ओळखायचं आणि योग्य पानावर त्याचा दुवा लावायचा. हे करणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला आहे. तो अडला की मी हातानं करते.

जीवनचं पॅकेज अगदी लहान होतं, झाडीशब्द नावाचं. आमच्या झाडी बोलीतला शब्द लिहिला की संगणक त्याखाली लाल रेघ ओढतो, ती ओढू नये, एवढाच त्याचा उद्योग. धानाचे, तलावाचे, जंगलाचे शब्द तो आईला विचारून गोळा करायचा आणि एकेक शब्द मेल करून जाहीर करायचा. शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला. वाचणारी आम्ही चार टाळकी. पण त्याचा प्रत्येक मेल दोनदा यायचा. अक्षर न अक्षर तोच, एकापाठोपाठ एक. मी वैतागून लिहिलं, तुमचं पाठवायचं बटण अडकतं का हो? उत्तर आलं, अर्थातच दोनदा: "आमच्या गावात एका हाकेला कुणी ओ देत नाही. म्हणून सवय."

मी त्याच दिवशी प्रोग्रॅमात एक नियम घातला. तोच मेल पुन्हा आला तर दुसरा बाजूला काढायचा, पानावर एकच दाखवायचा. जीवननं लिहिलं, "म्हणजे माझी अर्धी हाक तुम्ही गिळणार." मग मेलवरून गाडी फोनवर आली, फोनवरून भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर, आणि तिथून माझ्या वडिलांसमोर. लग्नानंतर पाहिलं तर हा खरंच सगळ्यांच्या दुसऱ्या हाकेची वाट पाहायचा, एक माझी सोडून. माझ्या तोंडाला त्याला दोनदा हाक मारायचं वळणच लागलं नाही, आणि माझ्या पहिल्या हाकेला तो ओ द्यायचा. जगात फक्त माझ्याच. मला त्याचा फार तोरा होता.

मागच्या कार्तिकात जीवन मोहाडीच्या बाजारातून मोटारसायकलनं परत येत होता. रस्ता गावच्या मोठ्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून येतो. गाडी पाळीवर सापडली. स्टँडवर नीट उभी केलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, हँडलच्या पिशवीत वांगी. जीवन नव्हता. मासेमारी करणाऱ्या श्रावणनं आणि त्याच्या भावांनी डोंगे फिरवून, जाळी टाकून सगळा तलाव चाळला. जाळ्यात शिंगाड्याचे वेल आले, एक चप्पल आली, तीही त्याची नव्हती. पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली.

पाळीखालच्या बांधीत धान कापणारे गुलाबभाऊ तेवढे साक्षीला होते. ते घरी आले, पाणीसुद्धा न घेता उभ्या उभ्या बोलले.

"पाण्याकडून आवाज आला, काकी. बाईमानसाचा. 'जीवन' म्हनून. त्यानं गाडी थांबवली, ओ म्हनला. मी पेंडी बांधाले वाकलो. मान वर केली तं नुसती गाडी."

आईंनी विचारलं, "एकच हाक होती का, गुलाब?"

"एकच."

"अन् थो ओ म्हनला?"

"म्हनला ना."

आई मटकन खाली बसल्या. मला मात्र संताप आला. माणूस हरवलाय आणि ह्या हाका मोजत बसल्या होत्या. मी म्हटलं, आई, आपण बौद्ध माणसं, आपल्या घरात असलं काही मानत नाहीत. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दीक्षा आपुन घेतली, बाई. तलावानं थोडीच घेतली." मग जरा वेळानं, समजूत घालावी तशा, "जित्ता मानूस दुसऱ्यांदा बलावते. त्याले काम असते ना आपल्याशी. तिकडच्यात तेवढा दम नाही रायत. त्याची एकच हाक असते."

मी ठरवलं, जीवन जिवंत आहे. डोक्याला मार बसला असेल, आठवण गेली असेल, कुणी पळवून नेलं असेल, काहीही. प्रेत नाही म्हणजे मरण नाही, हे साधं तर्कशास्त्र आहे. मी नागपूरची इस्पितळं पालथी घातली, गोंदियापर्यंत रेल्वे स्टेशनांवर त्याचे फोटो लावले. आणि रोज दुपारी, आई कलंडल्या की, पाळीवर जायचे. हे मी कुणालाही सांगितलं नाही. पाण्याकडे तोंड करून मी त्याला हाक मारायचे. दोनदा. मला न मानवणारी गोष्ट, पण मारायचे. वारा असला तर शिंगाड्याची पानं हलायची, नसला तर तीही नाही.

आता पुन्हा कार्तिक आला होता. धान पिवळं झालं होतं, तलाव काठोकाठ होता. माझा दीर मनिष मोहाडीला नोकरीला असतो. तो एका सकाळी येऊन सपरीतल्या माझ्या टेबलासमोर उभा राहिला. सपरी म्हणजे आमच्या घराची पुढची पडवी, तिथेच माझं सगळं ऑफिस.

"वहिनी, रागावू नका. रविवारी दादाचं पुण्यानुमोदन करून टाकू. भंतेजीले सांगून देल्लं मी."

गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो विधी. म्हणजे जीवन गेला, असं रविवारी चारचौघांसमोर ठरणार.

"तो गेला असं कोण म्हणतं?"

"मंग आहे कुठी? आईकडे पाहा ना जरा. एक वर्ष झालं, दरवाजाले कडी नाही लावून राहिली ते."

"तो मिळाला तर काय तोंड दाखवशील त्याला?"

मनिषचे डोळे भरून आले होते आणि मला त्याची दया आली नाही. मी त्या वर्षभरात फार वाईट बाई झाले होते.

त्याच आठवड्यात कामिनीचा फोन आला. ही नागपूरची, आमच्याच प्रकल्पातली. देखभाल करणारा माणूस बराच काळ गप्प असला की त्याची चौकशी करायचं काम तिच्याकडे. रीत ठरलेली आहे. त्याला दोनदा विचारायचं, तू आहेस का? दोन्हीला उत्तर नाही आलं तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर होतं आणि कुणी दत्तक घेतलं नाही तर काढून टाकतात.

"मी पहिली विचारणा मुद्दामच लांबवली होती गं," कामिनी म्हणाली. "दुसरी आता पाठवावीच लागेल. रविवारपर्यंत. तू घेतेस का झाडीशब्द तुझ्या नावावर?"

"त्याचं आहे ते. तो बघेल."

मी फोन ठेवला. रविवार. सगळ्यांना रविवारच सापडला होता. एकीकडे भंतेजी येणार, दुसरीकडे केसपेपरवर अनाथ असा शिक्का बसणार, आणि मधे मी एकटी म्हणत राहणार की तो आहे.

कामात डोकं घालावं म्हणून मी रखडलेला ढीग उपसायला घेतला. जुन्या मेलांचा संग्रह नव्या सर्व्हरवर हलवला होता आणि हजारो दुवे तुटले होते. माझा प्रोग्रॅम ते जोडत होता. प्रत्येक मेलच्या डोक्यावर एक ओळ असते, हा कुठल्या मेलचं उत्तर आहे ते सांगणारी. तो मूळ मेल संग्रहात सापडला नाही तर प्रोग्रॅम हात टेकतो आणि उत्तर एका वेगळ्या ढिगात टाकतो. त्या ढिगाचं नाव मीच कधीतरी थट्टेनं बेवारस ठेवलं होतं. एकेक बेवारस मेल उघडायचा, वाचायचा, जागा शोधून लावायचा. बाहेर ऊन होतं, अंगणात आईंनी वाळत घातलेल्या पोह्यांवर चिमण्या उतरत होत्या.

मधेच एक मेल जीवनचा निघाला.

शब्द, अर्थ, कुणाकडून ऐकला. नेहमीसारखाच. मी तो झाडीशब्दच्या पानावर लावला, पुढचा उघडला आणि मग मागे आले. त्या मेलवर तारीख होती ती या उन्हाळ्यातली.

मी खुर्चीतून उठले कधी आणि ओरडले काय, मला आठवत नाही. तो आहे! कुठेतरी बसून मेल लिहितोय, तोच मूर्ख, एक शब्द आणि एक अर्थ. मी कामिनीला फोन लावला, पान उघडायला लावलं. तिला दिसलं नसतं तर मी स्वतःलाच वेडी ठरवून मोकळी झाले असते. पण तिला दिसलं.

"आहे," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "शुभांगी, याच्यावर शिक्के नाहीत गं."

मेल निघाला की वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरचा शिक्का त्याच्यावर बसत जातो, टपालासारखा. कुठून निघाला, कुठून फिरला, कळतं. या मेलवर एकच शिक्का होता, शेवटचा, संग्रहाचा स्वतःचा. तो बाहेरून आत आल्याची खूणच नव्हती.

"सर्व्हर हलवताना उडाले असतील," मी म्हटलं.

"बाकी कुणाचे नाही उडाले."

"कामिनी, तो जिवंत आहे."

"मी काही म्हटलं का?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी अंगणात धावले. "आई!" त्यांचे हात थांबले. "आई!" त्या वळल्या, "ओ, काय झालं वं?" मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, मेल काय, तारीख काय. माझी अपेक्षा होती की त्या रडतील, मला मिठी मारतील. त्यांनी विचारलं, "काय लिवलं त्यानं?"

मी तो शब्द सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. त्याचा अर्थ जीवननं असा दिला होता: तलावाच्या तळाजवळचा गार थर, जिथे उजेड असतो पण दिसत नाही.

आईंनी पदर तोंडावर घेतला. "हा शब्द माह्या सासूचा," त्या म्हणाल्या. "तिच्या मांगं कोनी बोलला नाही. मी त्याले कधीच नाही सांगतलं."

"मग दुसऱ्या कुणाकडून ऐकला असेल ना!"

"कोनाकडून लिवलं आहे त्यानं?"

मी पाहिलं नव्हतं. परत जाऊन पाहिलं. त्या जागी आजीचं नाव होतं, जीवनच्या जन्माआधी गेलेल्या.

आई माझ्यामागोमाग सपरीत आल्या होत्या. त्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "पोरी, एक सांग. हा एकदाच आला का दोनदा?"

आणि मला एकदम हायसं वाटलं. अगं, तो नियम! दुसरा मेल मीच बाजूला काढते की. जीवननं दोनदाच पाठवला असणार, माझ्याच प्रोग्रॅमनं त्याची अर्धी हाक गिळली. मी आईंना बसवलं, म्हटलं थांबा, दाखवते. नियम उपटून काढला आणि झाडीशब्दचं सगळं पान पहिल्यापासून पुन्हा जोडायला लावलं.

पान हळूहळू भरत गेलं. जोडीजोडीनं. आमच्या ओळखीआधीचे मेल, दोन-दोन. आमच्या पहिल्या भांडणाचा, दोनदा. लग्नानंतर त्यानं आईंकडून घेतलेले शब्द, दोन-दोन. मागच्या कार्तिकातला शेवटचा, दोनदा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. मग उन्हाळ्यातला मेल आला.

एकच.

मी पान पुन्हा जोडलं. मग पुन्हा. नियम बंद आहे याची खात्री केली, बाजूला काढलेल्या मेलांची टोपली उपडी केली. एकच.

आई उठल्या. "एका हाकेले ओ देऊ नोको, शुभांगी," त्या म्हणाल्या. मला त्या कधी नावानं बोलावत नाहीत. "तुह्या पाया पडतो."

म्हाताऱ्या बाईनं असं म्हटल्यावर मला लाज वाटली, पण मी तसं कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बेवारस ढिगात हात घातला. आता मी जोडत काहीच नव्हते, फक्त जीवनचं नाव शोधत होते. एक सापडला. शब्द नाही, अर्थ नाही. मला लिहिलेला होता.

"शुभांगी, तुझी हाक ऐकू येते. रोज दुपारी येते. पण एकदाच. मी दुसरीसाठी थांबून राहतो. तू बरी आहेस ना?"

मी पाळीवर जाते हे कुणालाही ठाऊक नव्हतं. मी दोनदा हाक मारते हेही. मी स्क्रीनपासून खुर्ची मागे सरकवली आणि भिंतीला टेकले. भीती वाटली म्हणून नाही. तो तिथे उभा राहून माझी काळजी करत होता, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर गेलेली मी होते. हे मला सहन होईना.

मग सवयीनं मी तो बेवारस का झाला ते पाहिलं. उत्तर कुणाला, त्या ओळीत मूळ मेलची खूण होती. अशा खुणेच्या शेवटी मेल पाठवणाऱ्या यंत्राचं नाव येतं. माझ्या मेलवर माझ्या लॅपटॉपचं येतं. तिथे पाळ असं लिहिलं होतं. पाळ नावाचं कुठलंच यंत्र आमच्याकडे नाही.

मी कामिनीला कळवलं नाही. तिनं आपली दुसरी विचारणा अजून पाठवली नव्हती, एवढं मी पानावर पाहिलं.

शनिवारी मनिष मंडपवाल्याशी बोलून आला आणि खुर्च्या उतरवून घ्यायला पुन्हा बाहेर गेला. आई रविवारच्या जेवणाचे तांदूळ निवडायला बसल्या. दुपार होती. मी पाळीवर गेले नाही. ढिगात तळाशी जीवनचा आणखी एक मेल होता, आणि मला तो तिथे असणार हे आधीच माहीत होतं.

"मागं पाळीवर तुझ्या आवाजात एक हाक आली. तुझी म्हणून मी एकीलाच ओ दिली. आता मी एका हाकेला ओ देणार नाही, तुझ्यासुद्धा नाही. पण मी हाक मारतो. तू दे. शुभांगी"

एवढंच. नाव शेवटी, एकदा.

आईंचं म्हणणं मला पाठ होतं. आणि मला तर्कही पाठ होता. शिक्के नाहीत, मूळ मेल नाही, दुसरी प्रत नाही, म्हणजे हा मेल कुणी पाठवलेला नाही. जो पाठवलेला नाही त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. आणि अर्थ नाही त्यात धोकाही नाही. मी इतकी शिकलेली बाई, शेवटी असला तर्क लढवत होते.

खरं एवढंच होतं की उद्या रविवार होता. उद्यानंतर मला त्याला हाक मारायची परवानगी राहणार नव्हती. लोक म्हणणार होते, आता सोड बाई. मला त्याचा आवाज हवा होता, त्याची ओ हवी होती, आणि ती मिळत नसेल तर माझी त्याला पोचवायची होती.

मी त्याच्या मेलला उत्तर उघडलं.

लिहिलं, "ओ. मी इथेच आहे. बरी आहे."

पाठवलं.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मेल पाठवायचं बटण पुन्हा दाबलं. तोच मेल, अक्षर न अक्षर तोच. दोनदा. म्हणजे त्याला कळेल की मी जिवंत आहे.

थोडा वेळ थांबून झाडीशब्दचं पान उघडलं. त्याचा मेल आता बेवारस राहिला नव्हता. त्याच्या खाली माझं उत्तर जोडलं गेलं होतं. जागच्या जागी, मी हात न लावता.

एकच.

नियम मी उपटून टाकला होता. तरी पुन्हा पाहिला. तो नव्हताच. मग माझा प्रोग्रॅम मधे न घेता थेट संग्रह उघडला. माझ्या लॅपटॉपवर दोन मेल गेल्याचं दिसत होतं. तिथे एक होता.

त्याच्यावर शिक्के नव्हते.

मी कामिनीला फोन लावला. घंटा वाजली, तिनं उचलला. "हॅलो," ती म्हणाली. मी तिचं नाव घेतलं. "हॅलो? कोण आहे?" मी बोलत राहिले. तिनं फोन ठेवून दिला.

रेंज नसेल, मी म्हटलं. शनिवारी नसतेच.

मी उठून सपरीच्या पायरीवर आले. अंगणात ऊन होतं. आई लिंबाच्या सावलीत सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आई," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. मान वर झाली.

"आई!" मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

त्या वळल्या नाहीत. निवडलेला खडा त्यांच्या चिमटीत तसाच होता, ओठ मिटलेले होते, आणि समोर बघत त्या दुसऱ्या हाकेसाठी थांबल्या होत्या.